एक दिवसाची पिल्लं आणताय? आधी बल्ब लावा, मग खोका उघडा

कोंबडीची पिल्लं आणायच्या आदल्या दिवशीच जागा तयार ठेवा. बरेच जण खोका मांडीवर घेऊन घरी येतात आणि मग बल्ब कुठे टांगायचा ते शोधत बसतात, तोवर पिल्लं गारठून गेलेली असतात. बल्ब चांगला पाच-सहा तास आधी चालू करा म्हणजे खालचं तूस पण कोमट होतं, कारण पिल्लू पायाकडून आणि पोटाकडून गारठतं, वरून कितीही ऊब दिली आणि खाली फरशी थंड असली की काही उपयोग नाही.

जागा गोल करा, चौकोनी नको. पुठ्ठ्याची नाहीतर पत्र्याची दीड फूट उंच पट्टी वाकवून रिंगण केलं की झालं, दर पिल्लामागे सुरुवातीला अर्धा चौरस फूट धरा. गोल का, तर माझी पहिली बॅच मी मोठ्या खोक्यात ठेवली होती, रात्री लाइट गेली, मी गाढ झोपलेलो, सकाळी बघतो तर सगळी एकाच कोपऱ्यात एकावर एक चढलेली आणि खालची सात मेलेली. थंडीने नाही हो, गुदमरून. आता लाइट जायची शंका जरी आली तरी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवतो.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 33 ते 35 डिग्री लागतं, मग दर आठवड्याला साधारण 3 डिग्री कमी करत 21 पर्यंत आणायचं, तोपर्यंत पिसं येतात. पण खरं सांगू, थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गठ्ठा करून मोठमोठ्याने ओरडतायत म्हणजे थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन पंख पसरून, चोच उघडी ठेवून धापा टाकतायत म्हणजे उकडतंय, वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर कुठूनतरी वारा शिरतोय. इकडेतिकडे पसरलेली, काही खातायत, काही आडवी पडून झोपलीत आणि हळू चिवचिव चालूय, की समजा जमलं. (आडवं पडलेलं पिल्लू बघून नवीन माणूस घाबरतो, मेलं की काय म्हणून. झोपतातच तशी!) बल्ब जुना, तापणारा घ्या, एलईडीने ऊब मिळत नाही. आणि नुसत्या वायरीवर टांगू नका, साखळीने दोन ठिकाणी बांधा, तुसात पडला तर आग लागायला वेळ लागत नाही.

खाली दोन-तीन इंच भाताचं तूस नाहीतर लाकडाचा जाड भुसा, बारीक पावडर नको, नाकात जाते. पहिले दोन दिवस त्यावर खरबरीत पुठ्ठा अंथरा म्हणजे पिल्लं तूसच खाणं समजून टोचत बसत नाहीत. वर्तमानपत्र मात्र नको, गुळगुळीत असतं, पाय घसरून दोन बाजूंना फाकतात आणि एकदा फाकले की नीट करायला त्रास होतो.

आधी पाणी, मग खाणं. अंड्यातला बलक पोटात असतो त्यावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं पण म्हणून उपाशी ठेवायचं असं नाही. एकेकाला उचलून चोचीचं टोक कोमट पाण्यात बुडवा, एकदा मान वर करून घोट घेतला की त्याला कळलं. भांडं उथळ घ्या, त्यात गोट्या किंवा खडे टाका, पिल्लू पाण्यात पडून भिजलं की गारठून जातंच. खाण्याला चिक स्टार्टर, 18 ते 20 टक्के प्रोटीनवालं. नुसती तांदळाची कणी घालून पिल्लं वाढवणारे आहेत, जगतात पण खुरटतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य चुकूनही घालू नका, त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने पिल्लांच्या किडन्या खराब होतात. रात्री दोन-चार पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपून बघा, भरलेली आणि मऊ लागली पाहिजे, रिकामी लागली तर त्या पिल्लाला खाणं सापडलेलंच नाही.

पहिला आठवडा रोज प्रत्येकाचं बूड बघायचं. हसू नका, शिट चिकटून वाळते आणि भोक बंद होतं, पिल्लू फुगून मरतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून तिथे धरा, मऊ झालं की हळूच पुसा, वाळलेलं ओढू नका, कातडी निघते. मग कोरडं करून बल्बखाली सोडा. बऱ्याच पिल्लांना होत असेल तर उष्णता बघा, बहुतेक तिथेच चुकलेलं असतं. आणि हो, पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांना पापे घेऊ देऊ नका, साल्मोनेला असतो, म्हणजे पोट बिघडवणारा जंतू.

ओलं तूस दिसलं की त्याच दिवशी काढा. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ताची शिट, पंख पाडून डोळे मिटून उभं राहणं, हे कॉक्सी, म्हणजे कॉक्सिडिओसिस, आतड्याचा रोग, ओल्यातच वाढतो. वाट बघू नका, पशुवैद्याला विचारून पाण्यातून अँप्रोलियम हे औषध लगेच चालू करा, एकाला झालं म्हणजे सगळ्यांना द्यायचं. लसींचं म्हणाल तर मरेक्सची (पाय लुळे पाडणारा रोग) पहिल्याच दिवशी हॅचरीत देतात, दिली का ते विचारून घ्या. मानमोडीची म्हणजे राणीखेतची लासोटा लस 5 ते 7 व्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून, गंबोरो रोगाची दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, देवीची साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात. तुमच्या भागातलं वेळापत्रक पशुवैद्याकडून पक्कं करा, आणि लस बर्फातच आणा, खिशात नाही.

घरात खुडूक कोंबडी असेल तर यातलं निम्मं काम तीच करते. एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री अंधारात तिच्या पोटाखाली सरकवा आणि सकाळी लवकर उठून बघा, टोचत असेल तर लगेच काढून घ्या.

तीन-चार आठवड्यांनी ऊन चांगलं असेल तर तासभर बाहेर सोडायला हरकत नाही, पण समोर बसा, मांजर, मुंगूस, कावळा सगळे टपलेलेच असतात. रात्रीच्या जागेला अर्धा इंची जाळी लावा, मोठ्या भोकाच्या जाळीतून उंदीर आरामात आत येतो. सहा-आठ आठवड्यांनी पिसं पूर्ण आली की खुराड्यात हलवा. पहिल्या रात्री ती आत जाणारच नाहीत, दाराशी घोळका करून बसतील, एकेक उचलून आत ठेवायची, तीन-चार रात्रींनी अंधार पडायला लागला की आपणहून आत जाऊन बसतात.