हॉटेलाविषयी मत लिहिताना

इंदूरच्या मराठी घरात बाहेरगावचा पाहुणा आला की दोन प्रश्न ठरलेले असतात: सकाळी पोहे कुठे खायचे आणि रात्री सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाण्याच्या बाजारात, किती वाजता जायचे. पूर्वी या प्रश्नांची उत्तरे घरातली वडीलधारी माणसे देत असत. आता पाहुणा स्टेशनवर उतरण्याआधीच मोबाइलवर दहा अनोळखी माणसांची मते वाचून आलेला असतो. जेवून आल्यावर आपण सहज लिहिलेल्या चार ओळींवर कुणी तरी आपली संध्याकाळ ठरवते आणि त्याच ओळींमुळे एखाद्या दुकानदाराचे गिऱ्हाईक वाढते किंवा तुटते. या ओळी जबाबदारीने कशा लिहाव्यात, याविषयी मला जे समजले आहे ते येथे मांडते.

पदार्थ कोणत्या गावाच्या रीतीने केला आहे, हे सर्वांत आधी ओळखावे. मागच्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या आत्यांना आम्ही सराफ्यात साबूदाण्याची खिचडी खायला नेले. दुकानदाराने वाफवलेला, मोकळा, पांढराशुभ्र साबूदाणा भांड्यात घेतला, त्यावर मसाला, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि ज्याला येथे फरियाली म्हणतात तो उपवासाचा चिवडा घातला, लिंबू पिळले आणि सगळे कालवून द्रोण आमच्या हातात दिला. आत्या त्यात तुपा-जिऱ्याची फोडणी आणि दाण्याचे कूट शोधत राहिल्या. "ही खिचडीच नव्हे," असे म्हणून त्यांनी तेथेच उभ्या उभ्या एक तारा द्यायला मोबाइल काढला. त्यांना ती आवडली नाही हे खरेच होते, परंतु तेवढे लिहून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागले नसते. मी त्यांना म्हटले, "आत्या, तुम्हांला काय हवे होते आणि समोर काय आले, ते दोन्ही लिहा." त्यांनी लिहिले: "साबूदाणा दाणा-दाणा सुटा आणि नीट भिजलेला आहे. फोडणी नसते, चिवडा वरून घालतात, त्यामुळे कुरकुरीत लागते. घरच्यासारखी तुपातली मऊ खिचडी हवी असेल त्यांनी येथे ती शोधू नये." हे वाचून पुण्याचा माणूसही निर्णय घेऊ शकतो आणि इंदूरचाही, आणि दुकानदारावर अन्याय होत नाही.

पोह्यांचेही असेच आहे. इंदूरला पोहे वाफेवर गरम ठेवतात, त्यांत बडीशेप आणि किंचित गोडी असते, वरून शेव, कच्चा कांदा आणि जिरावण नावाचा मसाला पडतो आणि सोबत जिलेबी असते. नागपूरच्या माणसाला पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री लागते आणि कोकणातल्या माणसाला ओले खोबरे. बडोद्याला शेवउसळ खाताना वाटाण्याच्या उसळीवर तिखट तरी आणि भरपूर शेव येते. तिला मिसळीचे माप लावून मटकी का नाही असे विचारणे योग्य होणार नाही. उडुपी पद्धतीच्या सांबारात गूळ असतो, म्हणून ते "गोडूस आहे" हा दोष ठरत नाही. कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा असायलाच हवा, तर हैदराबादच्या कच्च्या बिर्याणीत मसाला लावलेले कच्चे मांस आणि अर्धवट शिजलेला तांदूळ एकत्र दमावर ठेवतात, त्यामुळे तेथे मांस नीट शिजले आहे का आणि तांदळाचा लगदा तर झाला नाही ना, एवढे पाहणे रास्त ठरते. ज्या पद्धतीची आपल्याला माहिती नाही, तिच्याविषयी शेजारच्या टेबलावरच्या गाववाल्याला विचारावे. खाणारी माणसे अशा प्रश्नाने खूश होतात आणि खूप सांगतात.

वेळेचा उल्लेख मात्र कधीही टाळू नये. शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका ताटावरून हॉटेलची होत नाही. काही वर्षांपूर्वी एका डोशाच्या हॉटेलात मी दुपारी साडेतीनला गेले. सांबार तळाचे, दाट आणि खारट झालेले होते, चटणी पातळ होती आणि मी घरी येऊन रागाने लिहून टाकले. पुढे एका रविवारी सकाळी मैत्रिणीच्या आग्रहामुळे पुन्हा गेले, तर तेच सांबार अप्रतिम होते. माझे पहिले मत खोटे नव्हते, पण मी त्यात "दुपारी साडेतीन" हे दोन शब्द लिहिले नव्हते, आणि त्यामुळे ते अपुरे होते. इंदूरमध्ये तर वेळेवरच सगळे अवलंबून आहे: सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीची दुकाने चालतात आणि ती बंद झाल्यावर त्यांच्याच पुढ्यात खाण्याचा बाजार भरतो. ऋतूही सांगावा. गराडू हा कंद हिवाळ्यात खावा आणि भुट्ट्याचा कीस कोवळी कणसे येतात तेव्हा. भलत्या महिन्यात खाऊन नाक मुरडण्यात अर्थ नाही.

मत लिहिताना विशेषणे कमी आणि तपशील जास्त असावेत. "मस्त", "भारी", "एकदम बकवास" या शब्दांनी लिहिणाऱ्याचा मूड कळतो, पण पदार्थ कळत नाही. काय मागवले, किती जणांत पुरले, किती पैसे झाले, किती वेळ थांबावे लागले, बसायला जागा आहे की उभ्याने खावे लागते, आजी-आजोबांना जिना चढावा लागतो का, कांदा-लसणाविना काही मिळते का, हे लिहावे. चार पदार्थ खाल्ले आणि त्यांतला एकच बिघडला असेल, तर तो कोणता हे नावाने सांगावे, म्हणजे बाकीचे तीन विनाकारण बदनाम होत नाहीत. वाढणाऱ्या मुलाचे नाव लिहून त्याची तक्रार करू नये. तेवढ्यावरून त्याची नोकरी जाऊ शकते, आणि उशीर बहुधा स्वयंपाकघरात झालेला असतो.

बिलाविषयी लिहिण्यापूर्वी बिल नीट वाचावे. साध्या हॉटेलात जेवणावर 5 टक्के जीएसटी असतो, तो हॉटेलवाल्याच्या खिशात जात नाही. सेवा शुल्क मात्र वेगळे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना कायम ठेवल्या. ते लावलेले दिसले तर आधी तेथेच नम्रपणे काढायला सांगावे. काढले तर तसेही लिहावे, आणि न काढल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांकही असायला हवा.

सर्वांत जास्त सावधपणा आजारपणाबद्दल लिहिताना हवा. पोट बिघडले की आपण शेवटच्या जेवणाला दोष देतो, परंतु साल्मोनेलासारख्या जंतूची लक्षणे 6 तासांपासून 6 दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतात. म्हणजे दोष परवाच्या लग्नातल्या जेवणाचाही असू शकतो. एकाच ताटातले खाणाऱ्या तिघा-चौघांना एकदमच त्रास झाला असेल, तर शंका रास्त आहे, आणि तिची जागा अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे आधी आहे. डोळ्यांनी पाहिले ते, म्हणजे उघडी चटणी, तिच्यावर बसलेल्या माशा, काळे पडलेले तळणाचे तेल, हे मात्र निःसंकोच लिहावे.

"पाच तारे दिलेत तर गुलाबजाम आमच्याकडून" असे कुणी म्हणाले, तर गुलाबजाम नाकारावा किंवा मत लिहू नये. ओळखीच्या माणसाचे हॉटेल असेल तर ते पहिल्याच ओळीत सांगावे.

शेवटी, लिहिलेले मत पुन्हा उघडून पाहावे. आचारी बदलतो, जागा बदलते, भाव चढतात. त्या डोशाच्या हॉटेलाविषयीचे माझे जुने मत मी पुसले नाही. त्याच्याखाली तारीख घालून दुसरी भेट लिहिली आणि सांबार खायचे असेल तर सकाळी अकराच्या आत जावे, एवढे जोडले.