आयपी देता येतो, पण वाचता येतो का?

कॉलेजातून नव्याने आलेल्या मुलामुलींना लिनक्सवर आयपी अ‍ॅड्रेस कसा द्यायचा हे बहुतेक वेळा येतं. इंटरफेसची, म्हणजे मशीनच्या नेटवर्क जोडणीची, सध्याची अवस्था वाचता मात्र येत नाही. मी नवी मुंबईत सर्व्हर सांभाळायचं काम करतो आणि नवीन आलेल्यांना पहिले काही दिवस माझ्या शेजारी बसवतात. त्यांना सांगतो तेच इथे लिहितोय.

सुरुवात 'आयपी अ‍ॅड्रेस शो'ने करा. बरेच जण अजून 'आयएफकॉन्फिग' टाइप करतात आणि 'कमांड नॉट फाउंड' आलं की गांगरतात. ही कमांड १९८३च्या बीएसडी या युनिक्सपासूनची, पण डेबियन या लिनक्स प्रकाराने २०१७च्या स्ट्रेच आवृत्तीपासून ती आपोआप टाकणं बंद केलं, आणि रेड हॅटच्या मिनिमल इन्स्टॉलमध्ये ती त्याआधीच, आवृत्ती ७ पासून, नसते. जुन्या लोकांना सवय आहे, त्यांना वापरू दे. तुम्ही आज शिकताय तर 'आयपी'च शिका. त्यातही 'आयपी मायनस बीआर अ‍ॅड्रेस' लक्षात ठेवा. प्रत्येक इंटरफेसची एकच ओळ येते आणि रात्री तीन वाजता डोळ्यांना तेवढंच झेपतं.

आता त्या आउटपुटकडे नीट बघू. इंटरफेसचं नाव 'ईएनपी३एस०' असं काहीतरी दिसेल. ते मनाला येईल तसं ठेवलेलं नसतं: 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'पी३' म्हणजे पीसीआय बस क्रमांक ३, 'एस०' म्हणजे स्लॉट ०. ही पद्धत २०१३ साली सिस्टमडी या लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर आली. त्याआधी 'ईटीएच०' आणि 'ईटीएच१' रीबूटनंतर आपापसात जागा बदलायचे.

नावानंतर टोकदार कंसात काही शब्द असतात. त्यात 'अप' आणि 'लोअर अप' हे दोन वेगळे आहेत, आणि इथेच नवखे फसतात. 'अप' म्हणजे कोणीतरी इंटरफेस चालू केलाय. 'लोअर अप' म्हणजे पलीकडून खरोखर सिग्नल येतोय. 'अप' आहे पण शेजारी 'नो कॅरिअर' लिहिलंय, म्हणजे केबल निघालीय किंवा स्विचचा पोर्ट बंद आहे. अशा वेळी आयपी बदलत बसण्यात काही अर्थ नाही, रॅकपाशी कोण आहे त्याला फोन लावा.

मग 'आयपी रूट', म्हणजे पॅकेट कुठल्या वाटेने जातील याची यादी. 'डिफॉल्ट व्हाया' ही ओळ, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कांकडे नेणारा गेटवे, आहे का ते बघा. एखाद्याच पत्त्यापुरता प्रश्न असेल तर 'आयपी रूट गेट' आणि पुढे तो पत्ता. पॅकेट कुठल्या इंटरफेसमधून, कुठल्या गेटवेकडे, कुठला आयपी लावून निघेल हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच सांगतो. माझ्या मते ही सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात कामाची कमांड आहे.

पत्ता देताना शेवटचा स्लॅश, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा, विसरू नका. 'आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड १९२.१६८.१.५० डेव्ह ईएनपी३एस०' एवढंच लिहिलंत तर एरर येत नाही, पत्ताही दिसतो, पण तो /३२ म्हणून लागतो. म्हणजे मशीनच्या लेखी त्या नेटवर्कात ती एकटीच. शेजारचा सर्व्हरसुद्धा पिंग होत नाही आणि माणूस फायरवॉलवाल्यांशी भांडत बसतो. /२४ लिहिलं की प्रश्न मिटला.

'आयपी' कमांडने केलेला बदल फक्त चालू कर्नलमध्ये असतो, रीबूट झालं की गेला. टिकायचा बदल फाइलमध्ये जातो आणि ती फाइल प्रत्येकाची वेगळी: डेबियनमध्ये ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस, उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅनची यामल फाइल, रेड हॅटवर नेटवर्कमॅनेजर आणि त्याची 'एनएमसीएलआय'. यामलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्यायची.

'एनएमसीएलआय'मध्ये गंमत उलटी आहे. 'कनेक्शन मॉडिफाय' केलंत की फाइल बदलते, पण मशीन जुन्याच पत्त्यावर चालू राहते. 'कनेक्शन अप' केल्यावरच नवा पत्ता लागतो. आणि आयपीव्ही४ मेथड 'मॅन्युअल' न करता नुसता पत्ता टाकलात, तर डीएचसीपीचा (आपोआप मिळालेला) पत्ताही तसाच राहतो. एकाच इंटरफेसवर दोन पत्ते बघून नवीन मुलं हमखास गोंधळतात. आरएचसीएसए ही रेड हॅटची परीक्षा देणाऱ्यांनी तर हे पाठच करावं. परीक्षा प्रात्यक्षिक असते आणि केलेलं काम रीबूटनंतर टिकलेलं लागतं.

एसएसएचवरून, म्हणजे दुरून लॉगिन करून, काम करताना ज्या इंटरफेसवरून आत आलात तोच बंद करणं म्हणजे बसलेली फांदी तोडणं. 'डाउन' आणि 'अप' एकाच ओळीत लिहून काम भागेल असं वाटतं, पण पूर्ण भागत नाही. 'डाउन' झाल्यावर त्या इंटरफेसचे रूट जातात. 'अप' झाल्यावर लोकल नेटवर्कचा रूट परत येतो, पण हाताने टाकलेला डिफॉल्ट रूट येत नाही. तुम्ही दुसऱ्या नेटवर्कातून जोडलेले असाल तर बाहेरच राहिलात. उबुंटूवर यासाठी 'नेटप्लॅन ट्राय' आहे: १२० सेकंदांत एंटर दाबला नाही तर जुनी सेटिंग परत. बाकी ठिकाणी बदल करण्याआधीच, पाच मिनिटांनी जुनी सेटिंग परत लावणारा जॉब 'अ‍ॅट'मध्ये टाकून ठेवा, आणि सगळं नीट झालं की तो काढायला विसरू नका. आयलो किंवा आयड्रॅकचा कन्सोल (सर्व्हरचं नेटवर्क बिघडलं तरी आत शिरायची वेगळी वाट) उघडतोय ना, हेही आधीच बघा.

सरावाला सर्व्हर लागत नाही. लॅपटॉपवरच्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये 'आयपी नेटएनएस अ‍ॅड'ने दोन नेमस्पेस (एकमेकांपासून वेगळी नेटवर्क) बनवा, 'व्हीइथ' जोडी (दोन टोकांची आभासी केबल) तयार करून एकेक टोक एकेकात टाका, पत्ते द्या, दोन्ही टोकं 'अप' करा आणि पिंग लावा. मग मुद्दाम बिघडवा. /२४च्या जागी /३२ द्या, एक टोक बंद करा, आणि दुसऱ्या टोकाला लगेच 'नो कॅरिअर' येतो का ते बघा. कंटाळा आला की नेमस्पेस डिलीट करा, सगळं साफ होतं. कंटेनरच्या नेटवर्किंगच्या मुळाशीही हेच आहे, त्यामुळे पुढे डॉकर शिकताना निम्मं काम झालेलं असतं.

मुलाखतीत 'सर्व्हर पिंग होत नाहीये, काय कराल?' हा प्रश्न येतोच. समोरच्याला क्रम ऐकायचा असतो: लिंक आहे का, पत्ता आणि त्याचा स्लॅश बरोबर आहे का, रूट आहे का, गेटवे पिंग होतो का, आणि मग डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता मिळतो का. 'नेटवर्क सर्व्हिस रीस्टार्ट करेन' हे पहिलंच वाक्य असेल तर मी पुढचा प्रश्न सोपा विचारतो.