कॅप्टन घरी आले: वैमानिकाच्या निवृत्तीनंतर या चुका टाळा

आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाला पासष्टीपर्यंतच विमान उडवता येतं. वाढदिवस झाला की रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, बंद, अपरात्री दाराशी येणारी गाडी बंद. आमच्या घरी ही वेळ आली तेव्हा जो तो म्हणाला, "आता निवांत." पण ज्या माणसाची झोप, ड्युटी, तब्येत सगळं नियमांनी बांधलेलं होतं, त्याला एका दिवसात निवांत होता येत नाही.

घराचा ताबा घेऊ नका

ही सगळ्यात मोठी चूक. यांची ड्युटी मुंबईहून, घर जुळे सोलापुरात, त्यामुळे घर मीच चालवलं. इथं नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी आधी प्यायचं भरायचं, मग मोटार लावून टाकी, शेवटी धुणं. मधेच प्रेशर गेलं की क्रम बदलायचा. यांनी त्याची चेकलिस्ट छापून मोटारीच्या बटणाशेजारी चिकटवली. मावशी वाचेनात, मी पाळेना, हे चिडले. कागदात चूक एकही नव्हती, फक्त तो कुणी मागितला नव्हता. कॉकपिटात को-पायलटने शंका काढली तर कॅप्टनने ऐकून घ्यायचं, हे सीआरएमच्या, म्हणजे विमानात एकमेकांशी जुळवून काम करायला शिकवणाऱ्या, वर्गात दरवर्षी घोटून घेतात. तेवढं घरी लागू करा. सुरुवातीला नुसतं बघा. मग एकच काम मागून घ्या आणि ते पूर्ण तुमचं ठेवा. आमच्याकडे मंडई यांच्याकडे गेली. कोथिंबिरीला जास्त पैसे मोजून येतात, मी बोलत नाही.

पहाटे तीनला जाग येते?

रात्री दोन ते सहा या वेळेत शरीर सगळ्यात सुस्त असतं, आणि वैमानिकाने नेमकं तेव्हा जागायची सवय लावलेली असते. ती लगेच सुटत नाही. रात्री कधीही झोपा, उठायची वेळ एकच ठेवा. उन्हं तापायच्या आत सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारा. पारा चाळिशीपार गेलेल्या उन्हाळ्यात दुपारी पडावंसं वाटणारच, पण अर्ध्या तासाचा गजर लावून. घोरणं आणि दिवसा पेंग दोन्ही असेल तर मात्र डॉक्टर गाठा.

संध्याकाळचा पेग मोजा

उड्डाणाआधी बारा तास दारू नाही आणि ड्युटीवर फुंकर टेस्ट, म्हणून हात आपोआप आखडता राहायचा. आता उद्याची फ्लाइटच नाही. मित्रमंडळीत हा विषय कुणी काढत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

मेडिकल संपलं म्हणून तपासणी सोडू नका

साठीनंतर परवान्यासाठी दर सहा महिन्यांनी मेडिकल व्हायचं. त्याच महिन्यांत बीपी, साखर, ईसीजी, कान तपासत राहा. कंपनीचा ग्रुप विमा बहुधा नोकरीबरोबर संपतो. 2024 पासून पासष्टीनंतरही नवीन आरोग्य विमा घेता येतो, पण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतःची पॉलिसी साठीच्या आसपासच घेऊन ठेवा.

विमानतळाच्या नावावर प्लॉट घेऊ नका

पगारात फ्लाइंग अलाउन्स मोठा, तो उडणं थांबलं की थांबतो, आणि खासगी कंपनीत निवृत्तिवेतन जवळपास नाहीच. हाती आलेला पीएफ हीच पुंजी, आणि तिचा वास पाहुण्यांना लवकर लागतो. "कॅप्टन, तुम्हाला तर माहीतच आहे, बोरामणीला विमानतळ होणार!" ही चर्चा कित्येक वर्षं जुनी आहे, आणि 9 जून 2025 ला गोव्याची विमानसेवा सुरू झाली ती होटगी रोडच्या जुन्या विमानतळावरूनच. पहिलं वर्ष पैसा मुदत ठेवीत राहू द्या.

ते गोव्याचं विमान आलं की हे गच्चीवर जातात. जाऊ द्या. प्रवासी म्हणून बसल्यावर मात्र लँडिंगला मार्क देत बसू नका, शेजारचा आधीच घाबरलेला असतो.

मार्गदर्शन करताना घाई नको

गावात पायलट परतला की बारावीच्या मुलांचे आईबाप येतातच. मेटिऑरॉलॉजी, नेव्हिगेशन जरूर शिकवा, त्यात यांचा दिवस छान जातो. पण फ्लाइंग स्कूलची फी भरायच्या आधी, कर्ज काढायच्या आधी, मुलाची क्लास टू आणि क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणाऱ्या तपासण्या, करून घ्यायला सांगा. रंग ओळखण्यातला दोष घरात कुणाच्या लक्षातही आलेला नसतो.