नेस्टेड फोल्डरचा पाथ मोजताना या चुका टाळा

लीटकोड या प्रोग्रामिंगच्या सरावाच्या साइटवरचा 388 क्रमांकाचा प्रश्न, ‘लाँगेस्ट अ‍ॅब्सोल्यूट फाइल पाथ’, मीडियम गटात मोडतो. लॉजिक दहा-पंधरा ओळींचं. तरीही प्लेसमेंटच्या तयारीला बसलेली बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं याच प्रश्नापाशी हमखास अडकतात आणि तक्रार ठरलेली असते: ‘सगळं बरोबर हाय की ओ सर, एकच केस फेल होतंय.’ ती एक केस, म्हणजे कोड तपासायला दिलेला नमुना, बहुतेक वेळा खरं बोलत असते. बाकीच्या केसेस पास झाल्या त्या नशिबानं.

आधी प्रश्न नीट बघू. अख्खी फोल्डर-रचना एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या सलग माळेत, दिलेली असते. ओळ बदलली की न्यूलाइन (लिहिताना बॅकस्लॅश-एन), आणि ओळीच्या सुरुवातीला जितके टॅब तितकी ती ओळ आत; हीच तिची पातळी. नावात टिंब असेल तर ती फाइल, नसेल तर फोल्डर. मुळापासून फाइलपर्यंतचा सगळ्यात लांब पाथ, नावांमधले स्लॅश धरून, किती अक्षरांचा, एवढंच सांगायचं. फाइलच नसेल तर उत्तर 0.

पहिली अडचण कोड लिहायच्या आधीच येते. प्रश्नातली स्ट्रिंग कॉपी करून पोरं आपल्या लॅपटॉपवर प्रोग्रामला इनपुट म्हणून देतात. साइटवर बॅकस्लॅश-एन हे एकच अक्षर असतं. टर्मिनलवर तेच टाइप केलं की प्रोग्रामला बॅकस्लॅश वेगळा आणि एन वेगळा मिळतो. मग ओळी वेगळ्या करणारं स्प्लिट काहीच तोडत नाही, सगळी रचना एका ओळीत राहते आणि भलतंच उत्तर येतं. खात्री करायला एक अक्षर, न्यूलाइन, एक अक्षर एवढीच स्ट्रिंग द्या आणि लांबी छापा. 3 आली तर ठीक. 4 आली तर लॉजिकला हात लावू नका, इनपुट दुरुस्त करा. टेस्ट कोडमध्येच स्ट्रिंग म्हणून लिहिली की ही भानगड उरत नाही.

टॅब आणि स्पेसचा घोळ याहून चिवट. पुष्कळ एडिटर टॅब दाबल्यावर चार स्पेस टाकतात, म्हणून काही जण ‘चार स्पेस म्हणजे एक टॅब’ असं कोडमध्येच घालतात. या प्रश्नात स्पेस हा नावाचा भाग आहे. समजा पहिल्या ओळीत तीन अक्षरी फोल्डर आहे आणि दुसऱ्या ओळीत चार स्पेस सोडून आठ अक्षरी फाइल. स्पेसला टॅब धरलं तर 3 + 1 + 8 = 12. स्पेस नावात धरल्या तर 4 + 8, म्हणजे तेही 12! चुकीचा कोड बिनधास्त पास. चारच्या जागी आठ स्पेस द्या, बरोबर उत्तर 16 होतं आणि पितळ उघडं पडतं. पायथनमध्ये नुसतं स्ट्रिप वापरणाऱ्यांचंही हेच होतं: टॅबबरोबर नावातल्या स्पेसही जातात. डावीकडचे फक्त टॅब काढा, आणि तेही मोजून झाल्यावर.

आता मुख्य जागा, स्टॅक, म्हणजे आपण सध्या ज्या फोल्डरांच्या आत आहोत त्यांची चळत. आपल्याकडे कर्नाटकात जमिनीचा उतारा काढायला सरकारच्या ‘भूमी’ साइटवर आधी जिल्हा, मग तालुका, मग होबळी (तालुक्यातला गावांचा गट), मग गाव निवडतो. खानापूर तालुका, होबळी, गाव सगळं निवडून झाल्यावर तालुका बदलून चिक्कोडी केला, तर खालचं होबळी आणि गाव दोन्ही रद्द होतात. नुसतं गाव रद्द करून खानापूरची होबळी चिक्कोडीखाली ठेवली तर उतारा कुणाचा निघेल? पोरांच्या कोडमध्ये नेमकं हेच घडतं. वरच्या पातळीवर परतताना एकदाच पॉप करतात, म्हणजे चळतीवरचा एकच फोल्डर काढतात. जिथे गरज असेतो काढत राहणारं व्हाइल हवं तिथे एकदाच काढणारं इफ लिहिलेलं असतं.

ही टेस्ट देऊन बघा. बाण म्हणजे टॅब:

अ
→बक
→→गम
→→→नग.क
→नवलनगर.ख

स्टॅकवर फक्त फोल्डर ठेवतो असं धरू. चौथ्या ओळीनंतर स्टॅकवर अ, बक, गम असे तीन आहेत. पाचवी ओळ पातळी 1 ची, म्हणजे स्टॅकवर एकट्या ‘अ’नं उरायला हवं, दोन पॉप लागतात. इफवाला कोड एकच पॉप करतो, ‘बक’ मागे राहतो आणि शेवटच्या फाइलचा पाथ 13 भरतो. खरा पाथ आहे 10. बरोबर उत्तर चौथ्या ओळीचं, 12. आता ‘नवलनगर.ख’च्या जागी ‘सर.ख’ लिहा. चुकीचा कोड तिथेही चुकतोच, 6 च्या जागी 9 मोजतो, पण 12 पेक्षा कमी असल्यामुळे दिसत नाही. म्हणून स्वतःची टेस्ट बनवताना वर परतल्यावर येणाऱ्या फाइलला मुद्दाम लांब नाव द्या.

मला विचाराल तर स्टॅक नकोच. पातळीनुसार लांबी ठेवणारा, क्रमांकाच्या घरांचा साधा अ‍ॅरे घ्या. फोल्डर आला की त्याच्या आतल्या पातळीच्या घरात आतापर्यंतची लांबी, अधिक नावाची लांबी, अधिक स्लॅशचा 1. फाइल आली तर स्लॅश न मिळवता बेरीज करून कमाल तपासा. जुन्या किमती पुसायची गरज नाही, कारण मुलाची ओळ येण्याआधी त्याच्या पालकाची ओळ येतेच आणि घर नव्यानं भरते. इनपुट जास्तीत जास्त 10,000 अक्षरांचं असतं, आणि प्रत्येक पातळीला एक टॅब वाढत जाणार, त्यामुळे खोली 140 च्या आतच राहते. 150 घरांचा अ‍ॅरे पुरतो. दहा घरांचा घेऊन ‘इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स’ आलं की साइटला दोष देऊ नका.

उत्तर थोडं जास्त येत असेल तर किती जास्त ते बघा. नेमकं 1 ने जास्त असेल तर फाइलच्या पुढेही स्लॅश धरलाय. पाथमध्ये जितकी नावं जवळपास तितक्यानं जास्त असेल तर टेस्टची फाइल विंडोजवर सेव्ह झालेली असते. तिथे न्यूलाइनआधी कॅरेज रिटर्न नावाचं एक न दिसणारं अक्षर असतं आणि ते प्रत्येक नावाला चिकटून मोजलं जातं.

फोल्डरचा पाथ कमाल धरणं आणि सगळ्यात खोल फाइल म्हणजे सगळ्यात लांब पाथ समजणं, या चुका प्रश्न परत एकदा वाचला की सुटतात.

राहिली मराठी नावं. हौसेनं ‘बेळगाव’ नावाचा फोल्डर टेस्टमध्ये टाकला तर डोळ्यांना अक्षरं दिसतात चार, पायथन आणि जावा सांगतात 6, कारण मात्रा आणि काना वेगळे मोजले जातात. सी प्लस प्लसची साधी स्ट्रिंग किंवा गो भाषेतलं लेन यूटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीतले बाइट मोजतं आणि 18 सांगतं. वर मी बिनमात्रांची नावं घेतली ती यासाठीच. तीसुद्धा सी प्लस प्लसमध्ये चालवलीत तर प्रत्येक मराठी अक्षराचे तीन बाइट भरतील, मग 12 ची वाट बघत बसू नका. मूळ प्रश्नातल्या नावांत फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, टिंब आणि स्पेस असल्यामुळे तिथे हा त्रास नाही.