स्की टूरवर हिमस्खलनाचा धोका कसा जोखावा

प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याला शोधायचं रेडिओ उपकरण), प्रोब (बर्फात खुपसायची लांब सळई) आणि फावडं आहे आणि पुरलेला ट्रान्सीव्हर शोधायचा सराव झालेला आहे, हे धरून चालतो. नसेल तर आधी तो करा.

निघायच्या सकाळी हिमस्खलनाचा अंदाज वाचा. १ ते ५ मधला आकडा बघून फोन खिशात टाकू नका. त्याखालचा मजकूर जास्त कामाचा असतो. कोणत्या दिशेचे उतार, किती उंचीच्या वर, धोका ताज्या बर्फाचा की खोल दडलेल्या थराचा, हे तिथे असतं. आणि ३ म्हणजे ‘मधला, चालेल’ असं समजू नका. पातळी एकेक चढते, धोका मात्र त्याहून फार वेगाने वाढतो.

उताराचा कोन क्लिनोमीटरने, म्हणजे कोनमापकाने मोजा, डोळ्यांनी नाही. बहुतेक स्लॅब, म्हणजे एकसंध लादीसारखे सुटणारे बर्फाचे थर, ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. तुम्ही सपाटीवर असाल, पण डोक्यावर तसा उतार असेल, तर खालून चालतानाही तो सुटू शकतो.

वाटेत शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, पायाखाली ‘वुंफ’ असा दबका आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून भेग सरसरत गेली, तर थर तपासायला खड्डा खणत बसू नका. उत्तर मिळालं आहे: बर्फ अस्थिर आहे.

यातलं काहीच दिसलं नाही, तर खणायचं. इथेच मी कित्येक वर्षं चुकत होतो. बॅग टेकवायला बरी जागा दिसली की तिथेच फावडं घालायचो. एकदा धारेवर, वाऱ्याने ठोकून घट्ट केलेल्या बर्फात खणलं. बर्फाचा स्तंभ मोकळा करून त्यावर थापा मारायची चाचणी घेतली (ती कशी, ते खाली). तीसही थापा मारून झाल्या, स्तंभ हलला नाही. खूश होऊन आम्ही वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला उतरलो. तिसऱ्या वळणावर वुंफ झालं आणि भेग समोरून आडवी पळाली. तो पट्टा जेमतेम २५ अंशांचा होता म्हणून बर्फ जागेवर राहिला. वाऱ्याने धारेवरचा बर्फ उचलून नेमका आडोशाला रचला होता आणि मी चाचणी भलत्याच बर्फाची घेतली होती.

म्हणून जागा निवडायला खणण्याइतकाच वेळ द्या. ज्या उतारावर जायचं आहे त्याच दिशेचा, त्याच उंचीचा, जवळपास तेवढ्याच कोनाचा, पण छोटा आणि खाली कडा किंवा घळ नसलेला उतार शोधा. झाडं, खडक आणि जुने माग टाळा. आधी चार-पाच ठिकाणी प्रोब खुपसा. एखाद्या जागी बर्फ आजूबाजूपेक्षा फारच खोल किंवा उथळ लागला तर ती जागा सोडा.

साधारण मीटरभर खणा. त्याहून खोल थरांबद्दल थापांची चाचणी फारसं सांगत नाही. भिंत सपाट करून वरून खाली मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, सुरी यांपैकी काय आत जातं ते बघा. घट्ट थराखाली मऊ थर लागला तर त्याचे कण गडद कार्डावर घ्या. साखरेसारखे टोकदार, एकमेकांना न चिकटणारे कण वाईट. १० सेंटिमीटरमागे तापमानात एक अंश किंवा जास्त फरक राहिला की थरात असे कण तयार होऊ लागतात. पृष्ठभागावर गोठलेल्या दवाचे पिसांसारखे पापुद्रे नव्या बर्फाखाली गाडले गेले असतील तर तेही तितकेच वाईट.

मग आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या वरच्या दिशेने ३० सेंटिमीटर असा स्तंभ मोकळा करा. मागची बाजू गाठी मारलेल्या दोरीने तळापर्यंत कापा. अर्धवट कापलेला स्तंभ खोटं बोलतो. एका टोकावर फावड्याचं पातं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा. हात नुसता पडू द्या, जोर लावू नका.

लोक थापा मोजतात आणि ‘बाविसाव्या थापेला तुटलं, म्हणजे मजबूत आहे’ म्हणतात. हे मला ऐकवत नाही. भेग जिथे सुरू झाली तिथून त्याच किंवा पुढच्याच थापेला दुसऱ्या टोकापर्यंत धावली का, हे बघायचं असतं. धावली तर कितवीही थाप असो, तो उतार आज बाद. नाही धावली तर एवढंच कळलं की या एका जागी नाही धावली. दुसरा खड्डा खणा. आणि अंदाजात तशा उतारांना धोका सांगितला असेल, तर चाचणीत भेग धावली नाही म्हणून मन बदलू नका.

उतरताना एका वेळी एकच जण. बाकीचे उताराच्या मार्गाबाहेर थांबून त्याच्यावर नजर ठेवतात. ऊन चढून बर्फाचे गोळे आपोआप गडगडायला लागले की तीव्र उतार सोडा, त्यांच्या खालूनही जाऊ नका.

आणि खड्डा बुजवून जा. मागून येणारा स्कीवरच असतो.