पाय दिसले पाहिजेत : गावातल्या नर्तकाने व्हिडिओ कसा करावा

भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. तिथे नाचणाऱ्या मुलाला शेकडो माणसे समोरासमोर पाहतात, पण त्याचे नाव बहुधा त्या पंचक्रोशीपुरतेच राहते. मोबाइलवरच्या व्हिडिओने ही वेस ओलांडता येते. अमेरिकेतील मार्क्वीस स्कॉट हा नर्तक २०११ मध्ये यूट्यूबवर आलेल्या एका व्हिडिओमुळे जगभर माहीत झाला आणि तो व्हिडिओ पुढे दहा कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. त्यात मंच नाही, रोषणाई नाही. उघड्यावर नाचणारा एक माणूस आहे आणि पाहणाऱ्याची नजर त्याच्या अंगावरून हलत नाही. आपल्यालाही तेवढेच साधायचे आहे.

माझ्या पाहण्यातले बहुतेक व्हिडिओ पाय कापले गेल्यामुळे वाया जातात. व्हिडिओ काढायला लागलो त्या पहिल्या वर्षी मी स्वतः आमच्या गावातील एका मुलाचे सात-आठ व्हिडिओ असेच घालवले. टाचेवर घसरत मागे जाण्याची हालचाल तो महिनाभर घोटत होता आणि माझ्या चौकटीत त्याच्या गुडघ्याखालचे काहीच आले नव्हते. तेव्हापासून मी आधी रांगोळी आणतो. मोबाइल उभा, कमरेच्या उंचीवर आणि नर्तकापासून दहा-बारा फुटांवर पक्का बसवायचा (तिवई नसेल तर विटांची चळत आणि मागे टेकू पुरतो), मग पडद्यावर पाहत एका माणसाला डावीकडे, उजवीकडे आणि पुढे सरकवत जायचे आणि जिथे त्याचा हात किंवा बूट चौकटीबाहेर जातो त्याच्या वीतभर अलीकडे जमिनीवर रेघ ओढायची. नर्तकाने त्या रेघांच्या आत नाचावे. रेघ पुसट काढली तर व्हिडिओत ती जाणवतही नाही. जास्त जागा मावावी म्हणून रुंद भिंग निवडू नये, कारण त्यात कडेला गेलेले हातपाय ताणल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा मोबाइल दोन पावले मागे न्यावा.

शेणाने सारवलेल्या अंगणात टाच घसरत नाही आणि सारवणही उखडते, म्हणून सिमेंटचे खळे किंवा समाजमंदिराचा ओटा शोधावा आणि ज्यांचा तो आहे त्यांना आदल्या दिवशी विचारून ठेवावे. जागा झाडून घ्यावी. मागे काय आहे तेही पाहावे. वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगापुढे पांढरा शर्ट घातला की नर्तकाचे खांदे ढिगातच विरून जातात.

उजेडाबाबत मात्र तडजोड करू नये. अंग झटके देत थांबवण्याच्या ज्या शैलीला पॉपिंग म्हणतात, तिचा सारा प्राण त्या थांबण्यात असतो, आणि उजेड कमी पडला की मोबाइल प्रत्येक चित्र जास्त वेळ उघडे ठेवतो, त्यामुळे झटका धुरासारखा फरफटतो. सकाळी सूर्य वर आल्यापासून तासाभरात काम उरकावे. उन्हाळ्यात आपल्याकडे नऊ वाजताच सिमेंट तापते आणि मोबाइलही गरम होऊन बंद पडतो. सेटिंगमध्ये सेकंदाला ६० फ्रेम निवडाव्यात, पडदा बोटाने दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करावा आणि भिंग मऊ कापडाने पुसावे.

नाचण्याआधी, गाणे सुरू असतानाच, ठेक्यावर एक टाळी कॅमेऱ्यासमोर वाजवावी. नंतर स्पष्ट आवाजातले गाणे जोडताना ते त्या टाळीवर जुळवता येते. ब्लूटूथ स्पीकरचा आवाज किंचित उशिरा येतो, म्हणून ही खूण लागतेच. गाणे शक्यतो ज्या ॲपवर व्हिडिओ टाकायचा त्याच्या स्वतःच्या संग्रहातले घ्यावे. तसे न केल्यास हक्कदाराचा दावा येऊन आवाज बंद होऊ शकतो किंवा उत्पन्न त्याच्याकडे जाऊ शकते. शक्यतो एकाच सलग दमात नाचावे. सारखे तुकडे जोडले की पाहणाऱ्याला कौशल्य नर्तकाचे की कात्रीचे, हे कळत नाही. सर्वांत अवघड हालचाल पहिल्या दोन-तीन सेकंदांत दिसावी, कारण तेवढ्यातच माणूस थांबायचे की पुढे सरकायचे ते ठरवतो.

पैशांचा हिशेब आधी समजून घ्यावा. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १००० सदस्य (सबस्क्रायबर) लागतात आणि त्याशिवाय १२ महिन्यांत ४००० तास पाहिले जाणे किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे (यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंचे) १ कोटी व्ह्यूज, यांपैकी एक अट पूर्ण व्हावी लागते. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४००० तासांत धरला जात नाही, म्हणून कधीमधी पाच-सहा मिनिटांचा आडवा व्हिडिओही टाकावा. सराव कसा केला, हे त्यात दाखवता येते आणि ते लोक आवडीने पाहतात.

व्हिडिओ पसरू लागला की इतर लोक तो उचलून आपल्या पानावर टाकतात. म्हणून नाव आणि गाव छातीच्या उंचीवर, कडेला बारीक अक्षरांत आधीच लिहावे. अगदी तळाशी लिहिलेले कापले जाते. खाते खरे असल्याची निळी खूण मिळवून देतो म्हणून कोणी ओटीपी मागितला तर तो कोणालाही देऊ नये. मंडईचे किंवा लग्नाचे बोलावणे आले तर मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च लेखी ठरवावा, आणि तिथली जमीन सिमेंटची आहे की मातीची, हे फोनवरच विचारून घ्यावे.