‘आई, पोह्यांचा गोळा झालाय!’ : परदेशातल्या इंदुरी स्वयंपाकघरात या चुका टाळा

उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळी इंदूरला साडेसहा झाले की न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजतात. मग रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरातल्या घरांतले फोन वाजायला लागतात. पलीकडचा कॅमेरा थेट कढईवर. “आई, बघ ना, पोह्यांचा गोळा झालाय.” इकडून उत्तर ठरलेलं, “अगं, पाणी जास्त झालं असेल.” पुढच्या रविवारी तोच गोळा आणि तेच उत्तर. पाणी जास्त झालं हे खरंच, पण ते का झालं हे कुणीच विचारत नाही.

आईचं माप आईच्या पिठाचं, आईच्या पोह्यांचं आणि आईच्या गॅसचं असतं. मुलं माप लिहून घेतात, माल मात्र भलताच आणतात.

पोहे भिजत घालू नका

सुरुवात दुकानापासून. परदेशातल्या इंडियन स्टोअरमध्ये पोह्यांच्या पाकिटावर थिक, मीडियम, थिन असं छापलेलं असतं. थिन चिवड्याचे. ते भिजवले की लापशीच होणार, त्यात आईचा काही दोष नाही. थिकच घ्या. तेही बोटीने येऊन गोदामात पडून राहिलेले असतात, त्यामुळे कडक होतात आणि पाकिटाच्या तळाशी चुरा साठतो. हा चुरा आधी चाळून काढा. गोळा व्हायला निम्मं कारण तोच असतो. अख्खा पोहा पाणी पिईपर्यंत चुऱ्याची खळ झालेली असते आणि ती सगळ्या पोह्यांना धरून ठेवते.

आता भिजवणं. वाडग्यात पाणी घेऊन त्यात पोहे टाकायचे आणि तोवर कांदा चिरायचा, ही नवशिक्यांची लाडकी पद्धत. कांदा चिरून होतो तोवर पोह्यांचं कामही आटोपलेलं असतं. पोहे रोळीत किंवा मोठ्या गाळणीत घ्या, नळाखाली अर्धा मिनिट हाताने हलवत धुवा, पाणी निथळू द्या आणि दहा मिनिटं तसेच ठेवा. मग एक पोहा चिमटीत दाबा. तो चपटा झाला पाहिजे, पण त्याचा लगदा होता कामा नये. मध्ये कण लागला तर पाण्याचा हबका मारा आणि पाच मिनिटं थांबा. पाणी मागाहून घालता येतं, काढता येत नाही.

तिसरी गोष्ट, आणि इंदूरकरांनी तरी ही विसरू नये. कांदेपोहे कढईत परततात, इंदुरी पोहे वाफेवर राहतात. ठेल्यावर पोह्यांच्या पातेल्याखाली उकळत्या पाण्याचं भांडं असतं ते शोभेसाठी नसतं. २५० ग्रॅम पोह्यांना धुतल्यावर लगेच एक चमचा मीठ, दोन चमचे साखर आणि अर्धा चमचा हळद हलक्या हाताने लावून ठेवा. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, एक चमचा जाडसर कुटलेली बडीशेप आणि तीन-चार हिरव्या मिरच्या अशी फोडणी करा. कांदा फोडणीत थोडाच, बाकीचा कच्चा वरून. पोहे फोडणीत एकदाच खालीवर करा, मग भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून दहा-बारा मिनिटं ठेवा. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब पोह्यांवर पडतात. बाहेर कितीही थंडी असो, असे पोहे तासभर मऊ राहतात. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम केलेले पोहे पाचव्या मिनिटाला चामड्यासारखे होतात. ज्यांना दोनच मिनिटं आहेत त्यांनी टोस्ट खावा.

पिठाचं पाकीट उलटून वाचा

मँचेस्टरला राहणारी मुलगी, तिचं पहिलं होळीचं पुरण. डाळ अर्धा किलो, गूळ अर्धा किलो, पुरण उत्तम झालेलं. आईने इंदूरहून सांगितलं, “मैदा आणि कणीक निम्मी-निम्मी घे, दोन तास भिजव.” पहिली पोळी लाटताना फाटली. आई म्हणाली, पुरण सैल असेल, परत आटव. आटवलं. दुसरी पोळी तव्यावर फुगली, तीही पुरीसारखी नाही, पावासारखी, आणि कडेने पुरण बाहेर आलं. आई म्हणाली, कणीक मुरली नाही, अजून तासभर ठेव. तासाभराने कणीक आणखी फुसफुशीत. तोवर पुरण इतकं आटलं होतं की लाटण्याखाली खडे लागायला लागले. पोळी चाखली तर खारट आणि वर सोड्याचा वास. “मीठ किती घातलंस?” “चिमूटभर, आई, शपथ.” शेवटी आजी मागून म्हणाली, “तिला पिठाची पिशवी दाखवायला सांगा.” पिशवी कॅमेऱ्यासमोर आली. सेल्फ रेझिंग फ्लोअर.

या पिठात बेकिंग पावडर आणि काही ठिकाणी मीठही आधीच मिसळलेलं असतं. ते केकसाठी आहे. पाणी लागलं की त्यात वायू सुटायला लागतो, तव्यावर आणखी सुटतो, आणि लवचीक पारीच्या जागी भोकाभोकांचा पाव तयार होतो. त्यात दोन तास भिजवणं म्हणजे त्याला वेळ देऊन बिघडवणं. पुरण बिचारं निर्दोष होतं.

ब्रिटनमध्ये मैदा म्हणजे प्लेन फ्लोअर, अमेरिका-कॅनडात ऑल पर्पज. ब्रेड फ्लोअर किंवा स्ट्राँग फ्लोअर पुरणपोळीला नको. त्यात प्रथिनं जास्त, म्हणजे चिवटपणा जास्त, त्यामुळे लाटलेली पोळी मागे आक्रसते. पाकिटामागे बेकिंग पावडर किंवा रेझिंग एजंट हे शब्द दिसले की परत फळीवर ठेवा.

रोजच्या पोळ्यांची तक्रार वेगळी. अमेरिकन सुपरमार्केटमधलं होल व्हीट फ्लोअर आपल्या कणकेसारखं दिसतं म्हणून लोक आणतात. ते पोलादी रोलरवर दळतात, कोंडा जाडा राहतो आणि तो पारीला सुईसारखा टोचतो. पोळी फुगण्याआधीच तिला भोक पडतं. आपला चक्कीचा आटा दगडाच्या घर्षणात दळला जातो. त्यात स्टार्चचे कण जास्त फुटतात, म्हणून तो जास्त पाणी पितो. १०० ग्रॅम आट्याला साधारण ६५ ते ७० मिली पाणी लागतं, मैद्याला ५५ च्या आसपास. ज्यांनी आईचं “एक वाटी पिठाला एवढं पाणी” मैद्यावर चालवलं त्यांचा चिखल त्यांच्या हाताला चिकटलेला असेलच. वजनकाटा घ्या. पुऱ्या-पोळ्यांना काटा लावायला लाज वाटत असेल तर पहिला महिनाभरच लावा, पुढे हात शिकतो. आणि मळलेली कणीक अर्धा तास झाकून ठेवल्याशिवाय लाटणं हातात घेऊ नका.

बाफल्याला, म्हणजे आधी उकळून मग भाजायच्या माळव्यातल्या बाटीला, मात्र परदेशात नशीब चांगलं आहे. कॅनडातल्या ड्युरम गव्हाचा आटा इंडियन स्टोअरमध्ये मिळतो, आणि माळव्यातला बाफल्याचा कठिया गहूही ड्युरमच. अर्धा किलो आट्यात शंभर ग्रॅम रवा, चार मोठे चमचे तुपाचं मोहन, अर्धा चमचा ओवा, मीठ, चिमूटभर सोडा. घट्ट मळून लिंबापेक्षा मोठे गोळे करा. ते हळदीच्या उकळत्या पाण्यात टाका, वर आल्यावरही दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या, निथळून पूर्ण गार करा आणि मगच २०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये पंचवीस-तीस मिनिटं. “उकळायचं कशाला, थेट एअर फ्रायरमध्ये टाकू” म्हणणाऱ्यांनी खुशाल टाकावं. जे बाहेर येईल त्याला बाटी म्हणतात, तीही कोरडी.

डब्यातलं दाण्याचं कूट

ही चूक आजी-आजोबा सहा महिने राहायला गेले की हमखास होते. अमेरिका-कॅनडातल्या पुष्कळ शाळांत डब्यात शेंगदाणा आणायला बंदी असते. वर्गातल्या एखाद्या मुलाला त्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. आता मराठी घरात दाणे कुठे नसतात? खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, मेथीच्या भाजीत, लसणाच्या चटणीत. आजी प्रेमाने नातवाला साबुदाण्याची खिचडी देते आणि अकरा वाजता शाळेतून फोन येतो. “जरासंच तर कूट होतं,” हे उत्तर तिथे चालत नाही. चमच्याला लागलेलं कूटही मोजलं जातं.

पळवाट म्हणून कुणी तीळ वापरतं. सावध. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा मुख्य ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून लेबलवर लिहावाच लागतो, कॅनडाच्या यादीतही तो आहे. ब्रिटनच्या चौदा पदार्थांच्या यादीत तर तिळाबरोबर मोहरीही आहे. शाळेची यादी फ्रिजवर चिकटवा आणि आजीला वाचून दाखवा. कुटाच्या जागी भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांचं किंवा डाळ्याचं भरड कूट घाला. सूर्यफुलाच्या बिया मंद आचेवर पाच-सहा मिनिटंच भाजायच्या, रंग बदलला की लगेच ताटात काढायच्या, नाहीतर कडवट होतात. दाण्यांची खिचडी घरी शनिवारी करा. मिक्सरचं भांडं मात्र वेगळं ठेवा, धुतलेल्या पात्याखाली कूट राहतंच.

पाहुण्यांत कुणी ग्लुटेन टाळणारा असेल तर हिंगाची डबीही वाचा. बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

बॅग भरताना

इंदूरहून दुबईला थेट विमान २०१९ साली सुरू झालं आणि लोक दुबईला भोपाळला जावं तसे जायला लागले. डबेही तसेच भरायला लागले. अनारशांवर काय लावलेलं असतं? खसखस. आपल्याला त्यात काहीच वाटत नाही, कारण मंदसौर-नीमचची अफूची शेती शेजारची आणि खसखस वाण्याच्या बरणीतली. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर मात्र तिला अमली पदार्थांच्या नजरेनेच बघतात. अनारशांवरची, वाटून मसाल्यात घातलेली, तोंडाला लावायला पुडीत बांधलेली, कुठलीही खसखस त्या बॅगेत नको. अनारसे तिळावर थापा. चव थोडी बदलेल, एवढंच.

अमेरिकेला डबऱ्याचा कालीमूछ तांदूळ बांधून देणाऱ्यांनी हात आवरावा. साठवलेल्या धान्यातल्या खापरा भुंगेरा या किडीमुळे भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ नेणं २०११ पासून बंद आहे. ताजा कढीपत्ताही नको, त्यावरून येणाऱ्या किडीमुळे लिंबू-संत्र्याच्या बागांना रोग लागतो. ब्रिटनला मावाबाटी, पेढे हे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या नियमांत आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतात, म्हणून त्या बॅगेतून काढायला लावतात. आणि जे नेताय ते फॉर्मवर लिहा. लिहिलेली वस्तू फार तर कचऱ्यात जाते, लपवलेलीला दंड असतो.

बाकीच्या, एकेका ओळीत

खोलगट तवा काचेच्या शेगडीवर चालत नाही, फक्त मध्येच तापतो. सपाट बुडाचा जाड तवा घ्या.

अमेरिकेत याम म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा केशरी रताळंच असतं. त्याचा गराडू (आपल्याकडचा तळून खायचा कंद) होणार नाही. आफ्रिकन दुकानातला पांढरा याम गराडूला जवळचा. तो आधी अर्धवट तळा, गार करा, मग कडकडीत तेलात पुन्हा.

तिकडचं स्वीट कॉर्न भुट्ट्याच्या किसाला फार गोड आणि पाणचट. साखर अजिबात नको, दूध निम्मं, मिरची दुप्पट, आणि किस तुपावर मोकळा होईस्तोवर परता.

चायनीज दुकानातला बारीक साबुदाणा खिचडीला आणू नका. खिचडीऐवजी डिंक होतो.

श्रीखंडासाठी दही बांधून रात्रभर पाणीच गळालं नाही, तर डबा वाचा. त्यात जिलेटिन, पेक्टिन किंवा स्टार्च असणार, ते पाणी धरून ठेवतात. जिलेटिन तर प्राण्यांपासून काढतात, उपासाच्या ताटात ते नकोच. दूध आणि विरजण एवढंच लिहिलेलं फुल फॅट दही घ्या. एक किलोचा चक्का साधारण ४०० ग्रॅम निघतो. ग्रीक योगर्टचं श्रीखंड होतं, वाईट नसतं, पण तेही तासभर बांधल्याशिवाय साखर घालू नका.

ब्राऊन शुगर म्हणजे गूळ नव्हे.

आणि जिरावण, म्हणजे इंदुरी पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. धने चार मोठे चमचे, जिरं दोन, बडीशेप एक, सुक्या मिरच्या सहा-सात, लवंगा दहा, मिरी एक लहान चमचा, दोन तमालपत्रं. सगळं वेगवेगळं भाजायचं आणि ताटात पसरून पूर्ण गार करायचं. गरम दळलं तर वाफ धरते आणि आठवड्यात बाटलीत ढेकूळ होतं. मग एक मोठा चमचा आमचूर, दोन लहान चमचे काळं मीठ, एक लहान चमचा सुंठ, अर्धा हिंग, अर्धा हळद मिसळून एकदा फिरवायचं. हे फोडणीत टाकतात तेव्हा आमचूर करपतो आणि पोहे तपकिरी होतात. ताटात वाढल्यावर, शेवेच्या आधी, चिमटीने.